कामाचे कोण विचारतो?

आपल्याकडे कलावंताला गप्प करण्याचा एक फार सभ्य मार्ग रूढ झाला आहे. त्याला व्यासपीठावर बोलवावे, खांद्यावर शाल टाकावी, हातात नारळ द्यावा आणि मग त्याची मुलाखत घ्यावी! शालीने माणूस अवघडतो, नारळाने हात अडकतात, आणि उरलेसुरले जे बोलणे असते ते मुलाखत संपवून टाकते. कारण त्या मुलाखतीत त्याला त्याचे बालपण विचारले जाते, त्याचे हाल विचारले जातात, सरकारकडून त्याच्या काय अपेक्षा आहेत तेही विचारले जाते. एक गोष्ट तेवढी विचारावयाची राहून जाते. ती म्हणजे त्याचे काम.

वाचकांना हे विधान तिखट लागेल. परंतु दिवाळीच्या चिवड्यात एखादी मिरची दाताखाली यावयाचीच, असे समजून त्यांनी ते गोड मानून घ्यावे.

मी सिंधुदुर्गात शाळामास्तर आहे आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. या दोन्ही उद्योगांत माणसांना प्रश्न विचारण्यावाचून गत्यंतर नसते. जत्रेतले दशावतारी नट, पिंगुळीचे चित्रकथी, सावंतवाडीची लाकडी खेळणी रंगवणारे कारागीर, देवळांचे मानकरी, नाटकमंडळ्यांचे मालक अशा कितीतरी जणांशी मी वर्षानुवर्षे बोलत आलो आहे. त्यांच्यावर छापलेल्या आणि अलीकडे मोबाइलवर चित्रित केलेल्या मुलाखतीही न चुकता पाहत आलो आहे. ही माणसे ओटीवर बसून जे सांगतात आणि मुलाखतीत त्यांच्या नावावर जे छापून येते, त्या दोहोंतले अंतर पाहून जो संताप साठला तो आज येथे मोकळा करतो.

या मुलाखतींत प्रश्न ठरलेले असतात. या क्षेत्राकडे आपण कसे वळलात? घरच्यांचा विरोध होता का? आजवरचा अविस्मरणीय प्रसंग कोणता? शासनाने काय करावे? आणि शेवटी, नव्या पिढीला काय संदेश द्याल? हे पाच प्रश्न क्रिकेटपटूला विचारावेत, दातांच्या डॉक्टरला विचारावेत, बँकेतून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याला विचारावेत. कोठेही अडत नाही. जो सदरा गावातल्या प्रत्येकाला येतो तो कोणाच्याच मापाचा नसतो, हे शिंप्याला कळते. मुलाखतकाराला कळत नाही!

आता ज्याला हे प्रश्न विचारले जातात तो दशावतारी नट काय करतो ते पाहा. त्याच्या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. संध्याकाळी आख्यान ठरते, पात्रे वाटली जातात, कोणी कोणाला केव्हा भेटावयाचे एवढे सांगितले जाते, आणि रात्री देवळासमोर उभे राहून तो नट स्वतःची भाषणे जागच्या जागी रचतो. नेपथ्य म्हणाल तर एक लाकडी बाकडे. साथीला पेटी, मृदंग आणि झांज. आधी आडदशावतार होतो: गणपती येतो, रिद्धिसिद्धी येतात, सरस्वती येते, वेद चोरणारा काळा संकासुर येऊन लोकांना हसवतो आणि विष्णूच्या हातून मरतो. त्यानंतर मुख्य आख्यान उभे राहते ते पहाटेपर्यंत चालते, आणि दहीकाल्याने रात्र संपते. उद्या दुसरे गाव, दुसरे आख्यान. पूर्वी हा सगळा संसार पेटाऱ्यात भरून डोक्यावरून, रात्रीबेरात्री, पायी नेत असत. आता टेंपो आहे. स्त्रियांची सोंगे परंपरेने पुरुषच काढतात, आणि प्रत्येक नट आपला चेहरा आपल्याच हाताने रंगवतो.

हा माणूस समोर बसला असता ज्याला ‘नव्या पिढीला काय संदेश द्याल?’ यापलीकडे प्रश्न सुचत नाही, त्याच्या कुतूहलाविषयी मला शंका वाटते. समोरचा नट भाषण करता करता अडकला तर तुम्ही त्याला कसे सोडवता? पेटीवाल्याला पद सुरू करण्याची खूण कोणती? पहाटे तीन वाजता लोक पेंगू लागले की आख्यानात काय बदलता? एकच युद्ध अर्ध्या तासाचे केव्हा करता आणि पाच मिनिटांचे केव्हा? यांतला एकेक प्रश्न म्हणजे एकेक खोलीची किल्ली आहे. परंतु किल्ल्या कोणी चालवीत नाही. सगळे दारावर तोरण बांधून परत जातात.

राजाची भूमिका करण्यात आयुष्य घालवलेल्या एका वृद्ध नटाला मी एवढेच विचारले होते, “राजा बाकड्यावरून उठतो केव्हा?” प्रश्न ऐकून ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “कामाचा कोणच विचारणा नाय, मास्तरानू. सगळे विचारतत ता दुखाचा.” आणि त्यानंतर दीड तास ते एका बाकड्याविषयी बोलले. राजा बसला आहे तोवर दरबार आहे. त्याने एक पाय बाकड्यावर ठेवला की लढाई आली. बाकड्याला एक फेरी मारली की अरण्य लागले. राणीला राग आलेला असेल तर ती बाकड्याच्या टोकाला टेकते, मध्ये बसत नाही. नवा पोर उतावीळपणे लगेच उठतो. आणि राजा एकदा उठला की त्याचा दरबार मोडतो, मग शंभर वाक्ये बोलून तो परत बसवता येत नाही. नाट्यशास्त्रावर व्याख्याने देणाऱ्या एखाद्या पंडिताने हे सांगितले असते तर आपण वह्या काढल्या असत्या. या माणसाने सांगितले, आणि त्यापूर्वी ते त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

माझा दुसरा आक्षेप भाषेवर आहे. कलावंत बोलतो एक आणि छापले जाते भलतेच. कोणी दशावतारी म्हणतो, “रातभर उभो रवलंय, पायाक गोळे इले, पण एक माणूस उठाक नाय.” छापील मुलाखतीत याचे होते, ‘रसिकांच्या उदंड प्रेमानेच मला सतत ऊर्जा दिली.’ पाय गेले, गोळे गेले, रात्र गेली. उरली ती ऊर्जा! यात संपादकाला वाटते की आपण त्या बिचाऱ्याची भाषा सुधारून त्याच्यावर उपकार केले. पण भाषेची पारख या दोघांत कोणाला अधिक आहे? दशावतारात राजा आणि ऋषी शुद्ध, भारदस्त मराठीत बोलतात, आणि संकासुर मालवणीत. कोणत्या तोंडी कोणती भाषा शोभते हे ज्याला रोज रात्री ठरवावे लागते, त्याने मुलाखतीत मालवणी निवडली असेल तर ती विचार करून निवडली आहे. त्याच्या त्या निवडीवर बोळा फिरवणारा संपादक संकासुराच्या तोंडी ऋषीची भाषा घालतो, आणि ती चूक दशावतारातला कच्चा नटदेखील करणार नाही.

तिसरा आक्षेप दुःखाच्या हौसेवर आहे. हा जरा नाजूक विषय आहे, म्हणून सावकाश सांगतो. कलावंताचे दारिद्र्य विचारू नये असे माझे म्हणणे नाही. पण ते विचारण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक तऱ्हा अशी की, त्याचे गळके छप्पर दाखवावे, त्याच्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबावे, आणि आपल्या डोळ्यांत पाणी आले की समाधानाने उठावे. दुसरी तऱ्हा अशी की, एका रात्रीची नाइट किती मिळते, हंगामात किती रात्री होतात, पावसाळ्याचे महिने काय करता, आजारी पडलात तर त्या रात्रीचे पैसे मिळतात का, हे सरळ विचारावे आणि उत्तरे आकड्यांत लिहून घ्यावीत. पहिल्या तऱ्हेने वाचक हळहळतो आणि पान उलटतो. दुसऱ्या तऱ्हेने कोणाला तरी हिशेब द्यावा लागतो. आपल्याला पहिली आवडते याचे कारण उघड आहे. अश्रू फुकट असतात!

येथे गावच्या पुढाऱ्यांची गोष्ट येते. कलावंतांप्रमाणेच त्यांच्याही मुलाखती होतात, आणि त्याही तितक्याच पोकळ असतात. मानकऱ्यांना विचारले जाते, देवी नवसाला पावते ना? यंदा किती भाविक आले? सरपंचांना विचारले जाते, जत्रेमागची आपली प्रेरणा कोणती? वास्तविक या मंडळींच्या हाती कलेची नाडी असते. कोणत्या मंडळीला बोलवावयाचे, तिला बिदागी किती द्यावयाची, नाटक किती वाजता उभे करावयाचे, हे तीच ठरवतात. एका देवस्थानच्या मानकऱ्यांना मी तीन साधे प्रश्न विचारले: मंडपावर खर्च किती, नाटकमंडळीवर किती, आणि नट रंगावयास कोठे बसतात? पहिल्या दोहोंची उत्तरे त्यांनी तोंडपाठ दिली. मंडपाचा आकडा मोठा होता. तिसऱ्या प्रश्नाला ते थबकले. म्हणाले, “चला, बघू या.” देवळाच्या मागे एक कोपरा होता. उघडाच होता, आणि वर एक मिणमिणता दिवा. तेथे भीम, द्रौपदी आणि कृष्ण एकाच आरशासाठी खोळंबले होते. मानकरी काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी मी गेलो तेव्हा कोपऱ्याला पडदा होता, चार दिवे होते आणि भिंतीला एक मोठा आरसा टांगला होता. मी कोणावर टीका केली नव्हती, निवेदन दिले नव्हते, ठराव मांडला नव्हता. कामाविषयीचा प्रश्न मात्र विचारला होता. मानकरी सज्जन होते. त्यांना तो आजवर कोणी विचारला नव्हता एवढेच.

कोणी म्हणेल, मास्तर, असले बारीकसारीक प्रश्न अभ्यासकांनी विचारावेत. सामान्य माणसाला ते कसे सुचावेत? हे खोटे आहे, आणि ते खोटे असल्याची साक्ष माझ्या वर्गातल्या मुलांनी दिली आहे. मराठीच्या अभ्यासात मुलाखत घेण्याचा स्वाध्याय असतो. तो करण्यासाठी मी स्त्रीभूमिका करणाऱ्या एका नटाला वर्गात बोलावले. मुलांनी वहीत लिहून आणलेले प्रश्न तेच पाच. वृत्तपत्रे वाचून दुसरे काय येणार? मी वह्या मिटावयास सांगितल्या. थोडा वेळ कोणी बोलेना. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “रडताना तोंडावरचो रंग ओघळणा नाय?” वर्ग हसला. पाहुणे हसले नाहीत. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी करून दाखवले: मान जराशी वर, पदर डोळ्यांच्या जवळ पण गालाला न टेकता, आणि सारे रडणे आवाजात. “रडायचे ते गळ्याने,” ते म्हणाले, “डोळ्यांनी रडलो तर पुढच्या प्रवेशाला तोंड कुठून आणू?” वर्गाने त्या दिवशी अभिनयाचा जो धडा घेतला तो कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडेल? कुतूहल सर्वांना असते. ते दडपण्याचे शिक्षण आपण नंतर घेतो आणि त्याला शिष्टाचार म्हणतो.

ज्यांनी काम विचारले त्यांच्या पदरी काय पडले, हेही सांगितले पाहिजे. सावंतवाडीचा गंजिफा घ्या. वाटोळी, हाताने रंगवलेली पाने. दशावतारी गंजिफ्यात दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, एकूण १२०. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही विद्या लयाला जाण्याच्या बेतात होती, आणि ती जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर मागे राहिले होते. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी ती त्यांच्यापासून शिकून घेतली आणि १९७१ साली राजवाड्यातच कारागिरांकडून काम सुरू केले. राणीने स्वतः कुंचला हाती धरला. राजघराण्याने एका म्हाताऱ्या कारागिराला ‘हे कसे करतात?’ असे विचारले, म्हणून आज ती पाने आपल्याला पाहावयास मिळतात. ‘आपल्याला या कलेने काय दिले?’ असे विचारून ते परतले असते, तर एक छानशी मुलाखत राहिली असती आणि गंजिफा गेला असता.

किंवा जात्यावरच्या ओव्या घ्या. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत मला सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदले गेले. आता मागे वळून पाहा. १८९१ साली अॅकवर्थ आणि शाळिग्राम यांनी मराठी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. ते मोठेच काम होते. ते झाले नसते तर कितीतरी पोवाडे हवेत विरले असते. संपादकांची ती दोन नावे मराठीच्या अभ्यासकाला ठाऊक असतात. पण ज्यांनी हे पोवाडे पिढ्यान्‌पिढ्या कंठात सांभाळले, त्या गोंधळ्यांपैकी किती जणांची नावे आपण सांगू शकतो? विचारणाऱ्याचे नाव राहावे आणि सांगणाऱ्याचे पुसले जावे, हा व्यवहार शंभर वर्षांपूर्वी कदाचित खपून गेला. आज खपता कामा नये.

आणि हा नुसता मानापमानाचा प्रश्न नाही, पोटाचाही आहे. वृद्ध कलावंतांसाठी राज्य सरकारची मानधन योजना आहे. तिच्यासाठी अर्ज करताना कलाक्षेत्रात काम केल्याचे पुरावे जोडावे लागतात. आता ज्या नाटकाला संहिता नाही, तिकीट नाही, छापील कार्यक्रमपत्रिका नाही, त्यात चाळीस वर्षे नाचलेल्या माणसाने पुरावा कोठून आणावा? अशा वेळी त्याच्या हाती आपली मुलाखत असते. पण तीत काय असते? ‘कलेने मला जगायला शिकवले.’ या वाक्यावर कोणता कारकून शिक्का मारील? त्याच मुलाखतीत अमुक साली अमुक मंडळीत दाखल झालो, अमुक गावच्या जत्रेत अमुक सोंग केले, अमुक गुरूच्या हाताखाली शिकलो, असे लिहिलेले असते तर ते कात्रण त्या म्हाताऱ्याच्या उपयोगी पडले असते. आपली आळशी मुलाखत त्याच्या ताटातला घास काढून घेते, असे मी म्हटले तर ते फार झाले काय?

याला उत्तर म्हणून मोठमोठ्या सन्मानांकडे बोट दाखवले जाते. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या जिल्ह्याला झालेला आनंद खरा होता, आणि तो मलाही झाला. ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या त्यांनी जिवापाड जपल्या. पण पद्मश्रीची बातमी वाचलेल्या दहा जणांना विचारा, चित्रकथी म्हणजे काय? सुट्या चित्रांची पोथी असते, एकेक चित्र पुढे धरून कथा गाऊन सांगावयाची असते, आणि चित्र उलटण्याची वेळ गाण्याने ठरते. हे त्यांतल्या किती जणांना सांगता येईल? सन्मान आपण वाचला. काम वाचावयाचे राहिले. सन्मान हे दार आहे. दारातच आरती ओवाळून परत फिरणाऱ्या पाहुण्याला घर कसे कळावे?

म्हणून माझे मागणे अगदी थोडे आहे, आणि ते सरकारकडे नाही. या अंकाच्या वाचकांकडे आहे. दिवाळी सरली, तुळशीचे लग्न लागले की कोकणात जत्रा सुरू होतील. मुंबई-पुण्याहून पुष्कळ कुटुंबे मुलाबाळांसह गावी येतील. कोकणात नसाल तर तुमच्या गावी भजनीबुवा असेल, वाघ्यामुरळी असतील, वासुदेव असेल, मूर्तिकार असेल, लेझीम शिकवणारा कोणी म्हातारा असेल, वाचनालय चालवणारे एखादे सेक्रेटरी असतील. त्यांच्याशी बोला. बोलताना संदेश मागू नका. तुमच्या हातात काय असते, ते कसे धरता, कोणी शिकवले, चुकले तर काय करता, एवढे विचारा. उत्तर ज्या भाषेत आले त्याच भाषेत लिहा. लिहिलेले त्यांना वाचून दाखवा, आणि ते ‘असा नाय, असा’ म्हणाले तर खोडा आणि पुन्हा लिहा. खाली त्यांचे नाव, गाव आणि तारीख घाला. एक प्रत त्यांच्या घरी पोचवा. आणि त्यांचा जो अर्धा दिवस घेतलात त्याचे मोल विचारून ते आनंदाने द्या. वकिलाला सल्ल्याचे पैसे देताना आपण त्याला शाल पांघरून भागवीत नाही.

यात मुलांना आवर्जून बरोबर घ्या. रंग ओघळत कसा नाही, हे त्यांनाच विचारावयास सुचेल.

शाली आपल्या घरांत पुष्कळ आहेत आणि नारळाला कोकणात तोटा नाही. या दोन गोष्टी ज्याला दिल्या त्याचे देणे फिटले, ही समजूत मात्र यंदाच्या दिवाळीत जुन्या केरसुणीबरोबर घराबाहेर टाकावी. ज्याने रात्रभर आपल्यासाठी एका बाकड्याचा दरबार केला, अरण्य केले, रणांगण केले, त्याला ते कसे केले हे विचारणे हाच त्याचा खरा सत्कार आहे. विचारणारा कोणी भेटावा म्हणून तो किती वर्षे थांबला आहे, हे विचारल्याशिवाय कळणार नाही.